क्यू आणि बॉल तोलायला स्वस्तातला कोणता काटा घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: पूल पार्लर आहे, वीसेक क्यू (खेळायच्या काठ्या) आणि चार-पाच बॉल सेट आहेत. क्यूंवर १९, २० असे औंसांचे आकडे छापलेत, पण हातात घेतल्यावर ते पटत नाहीत. एका सेटमधला पांढरा बॉल बाकीच्यांपेक्षा हलका वाटतो. हे सगळं घरच्या घरी तोलून बघायचं आहे, खर्च हजार-दीड हजारांच्या आत ठेवायचा आहे. कोणता काटा घ्यावा?

एकच काटा घ्यायचा असेल तर ०.१ ग्रॅम लघुतम माप आणि २ किंवा ३ किलो क्षमता असलेला घ्या. कॉफीवाल्यांसाठी टायमर लावलेले जे चपटे काटे मिळतात, ते बहुतेक याच मापाचे असतात आणि तुमच्या खर्चात बसतात. फक्त क्यूच तोलायचे असते तर स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा तीन-चारशे रुपयांचा काटाही चालला असता. दोन दशांश दाखवणारा, म्हणजे ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा मात्र घेऊ नका. स्वस्त काट्यावरचा तो दुसरा दशांश शोभेचा असतो, आणि त्याची क्षमता नेमकी तुमच्या कामाला अपुरी पडते.

आधी क्षमतेचंच बघू, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. पूलचा क्यू साधारण १८ ते २१ औंसांचा असतो. १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. म्हणजे १८ औंसांचा क्यू ५१० ग्रॅम, १९ चा ५३९, २० चा ५६७ आणि २१ चा ५९५ ग्रॅम. ऑनलाइन सर्वात जास्त दिसणारे खिशातले काटे २०० किंवा ५०० ग्रॅमचे असतात. त्यांच्यावर अख्खा क्यू ठेवला की पडद्यावर आकडा न येता जास्त भाराची सूचना येते. शिवाय क्यू टेकवायला वाटी किंवा आधार ठेवून टेअर केलंत, म्हणजे पडदा पुन्हा शून्यावर आणलात, तर त्या आधाराचं वजनही क्षमतेतूनच वजा होतं. १ किलोच्या काट्यावर ३०० ग्रॅमचा आधार ठेवला की तोलायला ७०० ग्रॅमच उरतात. २ किलोपासून पुढे घ्या म्हणतो ते यासाठी.

जाहिरातीत आणखी एक गोष्ट बघून घ्या. काही काटे ०.१ ग्रॅम दाखवतात ते फक्त पहिल्या पाचशे ग्रॅमपर्यंत; त्यापुढे अर्ध्या किंवा एका ग्रॅमच्या उड्या घेतात. ही माहिती बारीक अक्षरात असते. बॉलसाठी याने काही बिघडत नाही. क्यूसाठीही चालवून घेता येतं, पण माहीत असलेलं बरं.

बॅगा तोलायचा लटकता काटा बऱ्याच घरांत असतो. क्यू उभा टांगता येईल म्हणून तो सोयीचा वाटतो. पण त्याचं माप १० ग्रॅमच्या टप्प्याने चालतं, म्हणजे तिसरा हिस्सा औंस. साडेअठरा आणि एकोणीस यातला फरकच १४ ग्रॅमचा. तो काटा प्रवासापुरताच बरा.

किती बारीक मोजायचं?

क्यूच्या बाबतीत १ ग्रॅम भरपूर झाला. बटच्या, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाच्या, टोकात बसणारे वजनाचे बोल्ट साधारण अर्ध्या औंसाच्या टप्प्याने येतात. क्यूवर छापलेला आकडाही जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण औंसात बसवलेला असतो. १९ छापलेला क्यू ५४५ ग्रॅम भरला, म्हणजे १९.२ औंस आला, तर काटाही खोटा नाही आणि क्यूही नाही. हातात घेतल्यावर न पटण्याचं कारण तर वजनापेक्षा तोल, म्हणजे भार पुढे आहे की मागे, हेच जास्त वेळा असतं. त्याचं पुढे सांगतो.

बॉलचं गणित वेगळं आहे. जागतिक पूल संघटनेच्या नियमात बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, कमी-जास्त ०.१२७, आणि वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम. वजनाची ही मुभा १४ ग्रॅमची आहे, तेव्हा ‘नियमात बसतो का’ हे तपासायला वाण्याचा काटाही पुरेल. खेळणाऱ्याला जाणवतो तो एकाच सेटमधल्या बॉलांमधला फरक. स्नूकरच्या नियमात हे सरळ लिहिलेलं आहे: व्यास ५२.५ मिलिमीटर, कमी-जास्त ०.०५, आणि सेटमधल्या सर्वात जड व सर्वात हलक्या बॉलमध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. चांगल्या स्पर्धा-सेटमध्ये तो १ ग्रॅमच्या आत ठेवलेला असतो. असा १ ग्रॅम १ ग्रॅमच्याच काट्यावर बघायला गेलात तर १६८.४ चा १६८ दिसेल आणि १६८.६ चा १६९. म्हणून ०.१.

मग ०.०१ घेतला तर आणखी चांगलं नाही का? नाही. शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमचा गोंधळ हवाच करते. पूलच्या बॉलचं आकारमान जवळजवळ ९८ घन सेंटिमीटर. तो जेवढी हवा बाजूला सारतो तिचं वजन सुमारे ०.१२ ग्रॅम, आणि तेवढा तो हलका भरतो. काटा ज्याने जुळवतात ते प्रमाण वजन लोखंडी किंवा पितळी असल्याने त्याच्यावर हा परिणाम फारच कमी होतो. सगळे बॉल सारख्याच आकाराचे, त्यामुळे आपापसातल्या तुलनेत हे कटतं. पण ‘१६८.४३’ मधला तो ३ म्हणजे बॉलबद्दलची माहिती नव्हे. वर छताचा पंखा चालू असेल तर तो जागचा हलतही राहील.

विकत घेतल्यावर पहिल्या दिवशी

परत करायची मुदत संपायच्या आत काटा तपासून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. काटा ओट्यावर किंवा फरशीवर ठेवा, पूल टेबलावर नको. कापडात त्याचे पाय रुततात, आणि थोडा कललेला काटा प्रत्येक वेळी वेगळं सांगतो. पंखा बंद करा. नव्या बॅटऱ्या घाला. चालू करून पाच मिनिटं तसाच राहू द्या.

पहिली कसोटी म्हणजे तोच बॉल दहादा ठेवायचा, दर वेळी पूर्ण उचलून, पडदा शून्यावर आल्यावर. दहाही आकडे एका ०.१ च्या आत यायला हवेत. १६८.४ आणि १६८.५ असा खेळ चालेल. १६८.२ पासून १६८.७ पर्यंत फिरत असेल तर काटा परत पाठवा. बॉलसाठी तो निरुपयोगी आहे. स्वस्त काट्यात नेमकेपणापेक्षा हे सातत्य मोलाचं. काटा सगळ्याच बॉलांना अर्धा ग्रॅम जास्त दाखवत असेल तरी पांढरा किती हलका हे बरोबरच कळतं. दर वेळी वेगळं सांगणाऱ्या काट्याकडून मात्र काहीच कळत नाही.

दुसरी कसोटी कोपऱ्यांची. बॉल मधोमध ठेवा, मग चारही कोपऱ्यांकडे, मध्यापासून अर्ध्या अंतरावर. ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर तो काटा क्यूसाठी जपून वापरावा लागेल, कारण लांब वस्तूचा भार सहसा मध्यावर पडत नाही.

तिसरी कसोटी बेरजेची. तीन बॉल एकेक तोला आणि बेरीज करा. मग एका रिंगणात तिन्ही एकत्र ठेवा. १६८.४, १६८.६ आणि १६८.३ असे असतील तर एकत्र ५०५.३ यायला हवेत, ०.३ इकडेतिकडे चालेल. तीन बॉलांचं वजन जवळजवळ क्यूएवढंच भरतं, त्यामुळे हलक्या वजनाला खरा असलेला काटा क्यूच्या वजनाला वाकडा जात नाही ना, हे यातून कळतं.

या तिन्हींमधून एक दोष मात्र सुटतो: काटा सगळंच ठरावीक प्रमाणात कमी किंवा जास्त दाखवत असेल तर. त्यासाठी बाहेरचं खरं वजन लागतं. वजनमापाच्या दुकानात एम१ या अचूकतेच्या वर्गाचं ५०० ग्रॅमचं वजन मिळतं. त्यातली मान्य चूक फक्त २५ मिलिग्रॅम. एम२ ची ८० मिलिग्रॅम, तीही आपल्याला चालते. तेवढाही खर्च नको असेल तर सराफाकडे जा. त्याच्या काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होते, आणि तो तुमच्या काट्यापेक्षा कितीतरी बारीक मोजतो. सेटमधून बाद झालेले तीन जुने बॉल स्वच्छ धुऊन, पुसून न्या, एकेक तोलून घ्या आणि प्रत्येकावर कायम शाईने आकडा लिहा. ही तुमची प्रमाण वजनं. एक ठेवला की बॉलच्या वजनाची तपासणी झाली, तिन्ही ठेवले की क्यूच्या. साखरेचा पुडा किंवा दुधाची पिशवी घेऊन काटा कधीही ‘कॅल’ (कॅलिब्रेट, म्हणजे खऱ्या वजनाशी जुळवणं) करू नका. काटा बापडा सांगाल ते खरं मानतो, आणि मग पुढचं प्रत्येक वजन त्याच प्रमाणात चुकतं.

परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला काटा असेल तर हे जास्तच लागू. लोड सेल, म्हणजे काट्याच्या आतली भार झेलणारी पट्टी, वजन मोजत नाही, दाब मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं. लंडनमध्ये जुळवलेला काटा मुंबईत सुमारे ०.२७ टक्के कमी दाखवतो. बॉलमध्ये तो फरक अर्ध्या ग्रॅमहून कमी, पण १९ औंसांच्या क्यूत जवळजवळ दीड ग्रॅम. इथे आणल्यावर खऱ्या वजनाने एकदा ‘कॅल’ करून घ्या.

क्यू काट्यावर ठेवायचा कसा

काटा चांगला असूनही आकडा चुकतो तो इथे. दीड मीटर लांबीचा क्यू तेरा-चौदा सेंटिमीटरच्या ताटलीवर आडवा ठेवला की तो घरंगळतो, पडदा झाकतो, आणि त्याचं एखादं टोक टेबलाला किंवा भिंतीला टेकलेलं असतं. जरा टेकलं तरी पाच-दहा ग्रॅम गायब.

दोन तुकड्यांचा क्यू असेल तर जॉइंट (जोड) उघडा आणि शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) व बट वेगवेगळे तोला. शाफ्ट साधारण १०० ते १३० ग्रॅमचा असतो, उरलेलं सगळं बटचं. दोन्हींची बेरीज म्हणजे क्यू. शाफ्ट आडवा ठेवायला जाड कागदाचं घडी केलेलं ‘व्ही’ पुरतं. बटसाठी ते उंच हवं, म्हणजे पडदा मोकळा राहील आणि टोकं कुठे टेकणार नाहीत. आधार ठेवून आधी टेअर, मग बट. या पद्धतीचा आणखी एक फायदा: एकाच बटला दोन शाफ्ट असतील तर वजनाचा फरक नेमका कुठे आहे ते लगेच दिसतं. जॉइंटची टोपणं काढायला मात्र विसरू नका.

अखंड क्यू असेल, आणि क्लबमधले स्नूकरचे बरेच क्यू तसे असतात, तर दोन टोकांची पद्धत वापरा. काट्यावर एक पेन्सिल आडवी चिकटवा आणि टेअर करा. तेवढ्याच उंचीचा एक ठोकळा घ्या, त्याच्यावरही एक पेन्सिल. दोन्ही पेन्सिलींमध्ये बरोबर १२० सेंटिमीटर अंतर ठेवा. क्यू असा ठेवा की बटचं टोक मागच्या पेन्सिलीच्या १० सेंटिमीटर मागे येईल. आधी काटा मागे आणि ठोकळा पुढे ठेवून आकडा घ्या. मग दोन्हींची अदलाबदल करा. पेन्सिलींच्या जागा तिथेच राहायला हव्यात. समजा मागे ३७८ ग्रॅम आले आणि पुढे १६०. बेरीज ५३८, म्हणजे १९ औंस.

यात तोलबिंदूही फुकटात मिळतो. पुढचा आकडा भागिले एकूण वजन, गुणिले १२०: १६० भागिले ५३८ गुणिले १२० म्हणजे ३५.७ सेंटिमीटर. त्यात मागचे १० मिळवा. तोल बटच्या टोकापासून ४५.७ सेंटिमीटरवर, म्हणजे १८ इंचांवर. हाच आकडा दुसऱ्या क्यूत ४८ निघाला, तर दोन्हींचं वजन सारखं असूनही तो दुसरा हातात पुढे जड लागणार. ‘१९ छापलंय पण वीसचा वाटतो’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे सापडतं. अशा क्यूला बंपर (बटच्या टोकाचं रबरी बूच) काढून मागे अर्ध्या औंसाचा बोल्ट चढवला, तर वजन १४ ग्रॅमने वाढतं आणि तोल साधारण १ सेंटिमीटर मागे सरकतो. म्हणजे वजन वाढूनही तो पुढून हलका वाटू शकतो. बोल्ट बदलण्याआधी आणि नंतर दोन्ही आकडे टिपून ठेवा.

एककांचा घोळ टाळायला काटा कायम ग्रॅमवर ठेवा आणि २८.३५ ने भागा. स्वयंपाकाच्या काट्यावर औंसाच्या शेजारीच द्रव औंसाचं बटण असतं. खिशातल्या काट्यावर सोन्या-चांदीचा ट्रॉय औंस असतो, तो ३१.१ ग्रॅमचा. चुकून तो लागला की १९ औंसांचा क्यू १७.३ दाखवतो, आणि क्यू विकणाऱ्याशी विनाकारण भांडण होतं. शिवाय औंसात ठेवलं की बरेच काटे ०.१ औंसाच्या टप्प्यावर येतात, म्हणजे जवळजवळ ३ ग्रॅम. ग्रॅममध्ये मिळणारा बारकावा हातचा जातो.

लाकडाचे क्यू पावसाळ्यात दमट हवा पिऊन थोडे जड होतात. जुलैतला आकडा एप्रिलच्या आकड्याशी ग्रॅमपर्यंत जुळला नाही तर काट्यावर राग काढू नका.

बॉल तोलताना

बॉल आधी कोमट पाणी आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. खडूचा थर आणि हाताचं तेल निघायला हवं. ताटलीवर बाटलीचं प्लास्टिकचं झाकण पालथं न घालता तोंड वर करून ठेवा आणि टेअर करा. बॉल त्यात बसतो, गडगडत नाही आणि दर वेळी मधोमध येतो. तो हलक्या हाताने टेकवा. १७० ग्रॅमचा बॉल चार बोटं उंचीवरून जरी सोडला तरी त्या क्षणी लोड सेलवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो, आणि स्वस्त काटे मुख्यतः याच कारणाने बिघडतात. एकदा पट्टी वाकली की शून्य सरकत राहतं. त्याला दुरुस्ती नाही.

आकडा स्थिर झाल्यावर तीन-चार सेकंद थांबून लिहा. दर पाच बॉलांनंतर तुमचा प्रमाण बॉल पुन्हा ठेवा. त्याचा आकडा ०.२ ने सरकला असेल तर मधले पाच पुन्हा तोला. काटा तापणं, बॅटरी उतरणं, वारा, जे काही असेल ते यात पकडलं जातं.

आता आकडे वाचायचे कसे? समजा पंधरा रंगीत बॉल १६८.२ ते १६८.९ मध्ये आहेत आणि पांढरा १६६.४ आहे. रंगीत बॉलांचा सेट उत्तम. पांढरा मात्र प्रत्येक फटक्यात असतो, म्हणून तोच आधी झिजतो. वजन व्यासाच्या घनाने बदलतं, त्यामुळे पूलच्या बॉलमध्ये १ ग्रॅमची घट म्हणजे व्यासात सुमारे ०.११ मिलिमीटरची झीज. इथे २.२ ग्रॅमची तफावत, म्हणजे पाव मिलिमीटर. नियमातली मुभा ०.१२७ ची, तेव्हा वजनाने अजून १५६ ते १७० मध्ये बसणारा हा पांढरा व्यासाने बाद आहे. म्हणून वजनाच्या नियमावर विसंबू नका. सेटच्या सरासरीपेक्षा एक-सव्वा ग्रॅम खाली गेला की व्हर्नियर (व्यास बारीक मोजायचं साधन) लावून बघा. खेळात हे असं दिसतं: हलका पांढरा सरळ धडकेनंतर जागीच न थांबता किंचित मागे येतो, मागे ओढायला सोपा आणि पुढे न्यायला जड जातो. नवा पांढरा घेताना सेटच्याच कंपनीचा घ्या आणि तोलून घ्या. नाणं टाकून चालणाऱ्या टेबलांसाठी बनवलेले चुंबकी किंवा मोठ्या व्यासाचे पांढरे वेगळ्या वजनाचे असतात, आणि ते साध्या सेटमध्ये मिसळलेले बऱ्याचदा सापडतात.

रंगीतांपैकी एखादाच तीन-चार ग्रॅमने वेगळा आला तर तो दुसऱ्या सेटमधून आलेला असतो. व्यास बरोबर आणि वजन कमी असेल तर माल वेगळा आहे, फिनॉलिक रेझिनऐवजी स्वस्त पॉलिएस्टर.

काट्याला एक गोष्ट कळत नाही: बॉलच्या आतला भार मध्यावर आहे की एका बाजूला. वजन बरोबर, व्यास बरोबर, तरी बॉल शेवटच्या फुटात वळतो, असं होऊ शकतं. गोल्फचे बॉल मिठाच्या पाण्यात तरंगवून जड बाजू शोधतात, तो उपाय इथे चालणार नाही. फिनॉलिकची घनता १.७ च्या वर, आणि मीठ कितीही घातलं तरी पाणी १.२ च्या पुढे जात नाही; बॉल सरळ बुडतो. लेव्हल केलेल्या टेबलावर रॅम्पवरून तोच बॉल वेगवेगळ्या बाजू वर करून सोडायचा, हाच मार्ग. रॅम्पसाठी दोन पट्ट्या समांतर चिकटवल्या तरी पुरे. वळण दर वेळी एकाच दिशेला येत असेल तर दोष टेबलाचा. बॉल फिरवून ठेवल्यावर दिशा बदलत असेल तर बॉलचा.